टीव्हीवरची लाल रेघ

पाणीपुरवठा खात्याच्या नकाशा विभागात त्यांना खऱ्या नावाने कुणीच हाक मारत नसे. नोकरीला लागले तेव्हा ते डबा खाताना सुद्धा खिशात सहा इंची पट्टी बाळगत, आणि एकदा डब्याचं झाकण नीट बसेना म्हणून त्यांनी सगळ्यांदेखत ते मोजलं होतं. त्या दिवसापासून ते पट्टीभाऊ झाले. पुढे केस पिकले, चष्मा आला, आणि पट्टीभाऊंचे पट्टीकाका झाले.

काकांचं काम जमिनीखालच्या नळांचे नकाशे करायचं. आधी शाईने कागदावर, आता कॉम्प्युटरवर. टाकीकडून येणारा मोठा नळ लाल रेघेने दाखवायचा, घरोघरी जाणारा लहान नळ निळ्या रेघेने. त्यांच्या शीटवर भरवसा ठेवून माणसं रस्ता खणत. रेघ चुकीच्या जागी पडली, तर कुठेतरी पहार नळात घुसणार आणि निम्म्या वस्तीच्या बादल्या कोरड्या राहणार, हे काकांना झोपेतही ठाऊक असे. म्हणून ते डोळ्यांत तेल घालून काम करत आणि तीस वर्षांत त्यांच्या हातून मोठी चूक झालेली नव्हती.

त्या वर्षी कार्यालयाचं छत गळायला लागलं. पाणीपुरवठा खात्याच्याच छतातून पाणी गळतंय म्हणून सगळ्यांनी हसून घेतलं. पण एका सकाळी गिलाव्याचा पोळपाटाएवढा तुकडा काकांच्या टेबलावर पडला आणि हसणं थांबलं. दुरुस्तीला चार महिने लागणार होते. तोवर ज्याने त्याने आपला कॉम्प्युटर घरी न्यावा आणि घरूनच काम करावं, असा हुकूम निघाला.

काकांच्या वाट्याला आला होता एकोणीस इंची जुना मॉनिटर. त्यावर अख्खं शीट कधी दिसतच नसे. किल्लीच्या भोकातून मैदान बघावं तसं तुकड्या-तुकड्याने बघायचं. टाकी बघावी तर चौक गायब, चौक बघावा तर टाकी गायब. नेमकी तेव्हाच त्यांची मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या गावी, लहान घरात चालली होती. तिच्याकडे पंचावन्न इंची टीव्ही होता. तिथे तो मावणार नव्हता.

"बाबा, तुम्ही घ्या हा," ती म्हणाली. "सिनेमे आईने बघायचे, आणि दिवसा तुम्ही तो कॉम्प्युटरला लावा. तुमच्या मॉनिटरपेक्षा कितीतरी जास्त ठिपके आहेत याच्यात. अख्खं शीट दिसेल."

"आणि हे धूड ठेवायचं कुठे?" काकांच्या बायकोने विचारलं. ती घरीच शिवणकाम करायची. पडदे, उशांचे अभ्रे, शाळेचे गणवेश. मागच्या खोलीत तिचं मशीन खिडकीशी होतं, कापड बेतायचं टेबल मधोमध, आणि उरलेल्या कोपऱ्यात काका.

शेवटी बेतायचं टेबल दाराकडे सरकलं आणि समोरच्या भिंतीशी टीव्ही उभा राहिला. पहिल्या दिवशी काका त्याच्या अगदी पुढ्यात बसले आणि संध्याकाळपर्यंत डावीकडून उजवीकडे मान फिरवून त्यांचा मानेचा काटा ढिला झाला. दुसऱ्या दिवशी त्यांनी टेबल दोन हात मागे ओढलं. मग पडद्याची कड कापली जात होती, खालची पट्टी अर्धी दिसेना. रिमोट घेऊन त्यांनी अर्धा तास झटापट केली आणि 'पूर्ण चित्र' नावाचं बटण शोधून काढलं. उजेड डोळ्यांवर येत होता, तोही निम्म्याने कमी केला.

मग त्यांनी पूर्वेकडच्या वस्तीचं शीट उघडलं, आणि ते बघतच राहिले. टाकीपासून शेवटच्या नळापर्यंत सगळं एका नजरेत. रस्त्यांची बारीक नावं, घरांचे आकडे, सगळं कोरून काढल्यासारखं.

"अगं, ये, ये," त्यांनी बायकोला हाक मारली. "हे बघ, आपलं घर!"

"नळाला पाणी कमी येतं ते का, ते दिसतंय का त्यात?" बायकोने मशीनवरूनच विचारलं.

समोरच्या खोलीतून काकांचे थोरले भाऊ हसले. दादांना ऐकू सगळं जायचं. दिसत मात्र काही नसे.

दादा काकांपेक्षा आठ वर्षांनी मोठे. ऐन उमेदीत ते दुकानांच्या पाट्या रंगवायचे. शिडीवर चढून, फूटपट्टी न लावता, हातभर उंचीचं अक्षर असं काढायचे की खालून बघणाऱ्याने टोपी काढावी. बारा वर्षांपूर्वी एके दिवशी ते रंगवाल्याशी कडाकडा भांडून आले. "लालमध्ये भेसळ करतो लेकाचा. विटकरी दिसतोय सगळा." डबा बदलला, दुकान बदललं, तरी लाल विटकरीच. भेसळ रंगात नव्हतीच. डोळ्यामागची नस वाळत चालली होती. दोन वर्षांत सगळंच गेलं. दादा आधीपासूनच धाकट्या भावाकडे राहत होते; तेव्हापासून ते दिवसभर घरी रेडिओ ऐकत, आणि भावजयीच्या मशीनच्या बॉबिन भरून देत. सुताचा ताण बोटांना कळतो, त्याला डोळे कशाला लागतात, असं म्हणत.

टीव्ही आल्यानंतर चौथ्या की पाचव्या दिवशी काका दोन शीटं एकमेकांना जोडत बसले होते. एरवी शीट पांढरं दिसायचं; जोडताना मात्र पडदा काळा आणि त्यावर रंगीत रेघा. जोडता जोडता ते थबकले. लाल रेघ त्यांना लाल दिसत नव्हती. मळकट, विटकरी दिसत होती, आणि तिच्या कडा फिस्कटल्यासारख्या, ओल्या कागदावर शाई पसरावी तशा. निळी तर काळ्यात बुडूनच गेली होती.

काकांनी चष्मा पुसला. पुन्हा बघितलं. विटकरीच.

त्यांनी एक डोळा झाकून बघितलं, मग दुसरा. फरक नव्हता.

टीव्हीत दोष असेल, असं त्यांच्या मनाला शिवलंच नाही, आणि त्याला कारणही होतं. पांढरी अक्षरं त्याच पडद्यावर सुरीने कापल्यासारखी धारदार दिसत होती. बायको संध्याकाळी सिनेमा लावायची तेव्हा फुलं, आभाळ, माणसांचे गाल, सगळं झकास. मग बिघडलं काय? बिघडणारी एकच वस्तू उरली होती. आणि ती कशी बिघडते, लालपासून कशी सुरुवात होते, हे त्यांनी या घरात स्वतः बघितलं होतं.

ताडून बघायला जुना मॉनिटरही नव्हता. तो त्यांनी मोठ्या तोऱ्यात खात्याला परत पाठवला होता.

त्यांनी तोंडाला कुलूप लावलं. कुणाला सांगणार? बायकोला सांगावं तर ती आताच एक आंधळा माणूस सांभाळत होती, हसतमुखाने सांभाळत होती, तिच्या पदरात दुसरा टाकायचा? दादांना सांगावं तर त्यांना काय वाटेल? डॉक्टरकडे जावं तर ते खरंच निघालं तर? आज नको, उद्या बघू, असं करत दिवस ढकलणं त्यांना बरं वाटायला लागलं. रस्त्यावरची लाल टपालपेटी दिसली की ते नजर चुकवत. एकदा धीर करून बघितलं, तर ती ढगाळ दुपार होती आणि पेटीसुद्धा त्यांना विटकरी वाटली. त्या दिवशी त्यांना दोन घास गेले नाहीत.

काम मात्र चालू होतं. एक युक्ती त्यांना सापडली होती. माऊसचं चाक फिरवून चित्र खूप मोठं केलं, की रेघ जाड व्हायची आणि लाल पुन्हा लाल दिसायची. मग लहान करायचं, पुढे सरकायचं, पुन्हा मोठं. म्हणजे पंचावन्न इंची पडदा घेऊन ते पुन्हा किल्लीच्या भोकाशीच बसले होते.

तीन आठवड्यांनी मुकादमाचा फोन आला. खोदकामाच्या टोळीचा हा मुकादम वीस वर्षं काकांच्या शीटवर काम करत आला होता.

"काका, पूर्वेच्या चौकात आहे," तो म्हणाला. मागे फावड्यांचा आवाज येत होता. "तुमच्या शीटवर इथून एकच लाल जाते ना?"

"हो. एकच."

"इथे मोठ्या नळाला खेटून लहानही एक निघालाय."

"पहार लागली का त्याला?"

"नाही हो, नशीब. पोरं हाताने उकरत होती. मशीन आणलं असतं तर आम्ही सगळे आंघोळ करूनच घरी आलो असतो." मुकादम हसला. मग जरा थांबून म्हणाला, "काका, तब्येत बरी आहे ना? तुमच्या शीटवर असं कधी होत नाही, म्हणून विचारलं."

फोन ठेवून काकांनी शीट उघडलं. जोडणीच्या जागी काय झालं ते त्यांच्या ध्यानात आलं. लालला चिकटलेली निळी रेघ त्यांना लालचीच फिस्कटलेली कड वाटली होती, आणि जास्तीची समजून त्यांनी ती स्वतःच्या हाताने पुसली होती.

त्या दुपारी त्यांनी अभियंता मॅडमना फोन केला. मॅडम विभागाच्या प्रमुख होत्या, वयाने काकांच्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या.

"मॅडम, मला नकाशातून काढा. दप्तरखान्यात बसवा. जुन्या फायली लावत बसेन."

"काय बोलताय काका?" मॅडम चकितच झाल्या. "खात्यात तुमच्यासारखा हात नाही. कुणी काही बोललं का?"

"कुणी नाही."

"मग?"

"एवढं माझं काम करा," काका म्हणाले. मॅडम हळूच म्हणाल्या, "बरं. अर्ज पाठवा. पण कारण लिहा. बिनकारणाचा अर्ज मी वर पाठवणार नाही."

काकांनी अर्ज लिहायला घेतला. 'प्रकृतीच्या कारणास्तव' इथवर तो तीनदा आला आणि तीनदा फाटला.

दोन दिवसांनी, दुपारी, बायको शिवलेले पडदे पोचवायला गेली होती. दादा मागच्या खोलीत मशीनशेजारी बसून बॉबिन भरत होते. काका टीव्हीपुढे.

"एक विचारू?" दादा म्हणाले.

"विचार की."

"तुझ्या त्या माऊसचं चाक. टीव्ही आला त्या आठवड्यात ते दिवसातून चार वेळा फिरायचं. मी म्हटलं, चला, याला सगळं दिसायला लागलं एकदाचं. आता सकाळपासून किरकिर किरकिर चालूच. एवढ्या मोठ्या पडद्यावर तुला जवळ जाऊन काय बघावं लागतं?"

काकांचा हात माऊसवरच राहिला.

"काही नाही. बारीक काम आहे."

"बारीक काम तू तीस वर्षं करतोयस." दादांनी बॉबिन खाली ठेवली. "शिवाय परवा कागद फाडत होतास. तीनदा. तू कागद फाडणारा माणूस नाहीस, पाठकोरे जपून ठेवणारा आहेस. काय झालंय?"

काका उठून खिडकीशी गेले. परत आले. मग एकदम, श्वास न घेता म्हणाले, "दादा, मला लाल रंग विटकरी दिसतोय."

दादांचा चेहरा पडला. त्यांना स्वतःचा चेहरा दिसत नसल्यामुळे तो लपवायची सवय त्यांना राहिली नव्हती. काकांना वाटलं, सांगितलं तेच चुकलं.

"कधीपासून?"

"महिना होत आला."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? डोळ्यात."

"तसं नाही रे. कुठे बघितलंस की विटकरी दिसतो?"

"या पडद्यावर. रेघा."

"आणि टोमॅटो?"

"कसले टोमॅटो?"

"अरे, टोमॅटो, टोमॅटो!" दादांचा आवाज चढला. "माझं गेलं तेव्हा सगळीकडून गेलं. पाटी विटकरी, टोमॅटो विटकरी, तुझ्या मुलीची रिबन विटकरी. मी पडद्यापुरता आंधळा झालो नव्हतो. तुझं त्या खोक्याबाहेर काय दिसतंय?"

"टपालपेटी..." काका चाचरले. "टपालपेटी पण मळकी वाटली."

"ती मळकी असेल! तिला कुणी धुतलीय कधी? ते मशीनशेजारी दोऱ्यांचं खोकं आहे ना, ते घे."

काकांनी खोकं घेतलं. त्यात बायकोची तीसेक रिळं होती. दादा म्हणाले, "तुझ्या बायकोकडे लालची तीन रिळं आहेत. गणवेशाचं गडद, पडद्याचं भडक, आणि एक नारिंगीकडे झुकलेलं. आत उठावाचे नंबर चिकटवलेत, मी बोटांनी ओळखतो. तू रंग बघून काढ, क्रमाने दे माझ्या हातात."

काकांनी हात घातला. खिडकीतून ऊन थेट खोक्यात पडत होतं. महिन्याभरात पहिल्यांदाच त्यांनी लाल रंगाकडे सरळ नजर देऊन बघितलं. तिन्ही रिळं तीन वेगळी दिसली. एक गडद, एक पेटलेलं, एक नारिंगी. विटकरी त्यातलं एकही नव्हतं.

त्यांनी एकेक करून दादांच्या हातात ठेवलं. दादांनी आतल्या कडेवरून अंगठा फिरवला. पहिलं. दुसरं. तिसरं.

"बरोबर," दादा म्हणाले. "तिन्ही बरोबर."

"काय बरोबर?" दारातून आवाज आला. काकांची बायको परत आली होती. हातातली पिशवी तशीच धरून ती दोघांकडे आळीपाळीने बघत होती. "हे माझे दोरे का काढलेत? आणि चेहरे का असे दोघांचे?"

दादांनी काकांच्या दिशेने मान केली. "सांग."

काकांनी सांगितलं. रेघ, विटकरी रंग, पुसलेला नळ, मुकादमाचा फोन, दप्तरखाना, सगळं. त्यांचं संपल्यावर तिने पिशवी टेबलावर ठेवली, सरळ टीव्हीपुढे गेली, दोन हात लांबून बघितलं, मग वाकून बघितलं. कापडाचा रंग गिऱ्हाइकाच्या आधी जोखणारी बाई ती.

"कुठली लाल? ही?"

"हो."

"ही कसली लाल? ही विटकरी आहे. आणि कड उसवल्यासारखी दिसतेय." तिने मागे वळून बघितलं. "अहो, मलाही तसंच दिसतंय."

काका पडद्याकडे वळले.

"तुलाही?"

"मलाही म्हणजे काय, आहेच तशी! हा रंग घेऊन कुणी माझ्याकडे आलं असतं तर मी म्हटलं असतं, बाई, हे कापड दोनदा विटलंय."

काका खुर्चीत बसले. त्यांनी चष्मा काढला, दोन्ही तळवे डोळ्यांवर ठेवले आणि त्यांचे खांदे हलायला लागले. हसतायत की रडतायत ते बायकोला कळेना. दादांना कळलं असावं, कारण तेही तसंच काहीतरी करत होते.

मग बायको भडकली. "महिनाभर! महिनाभर मी इथे, या खुर्चीपासून तीन हातांवर बसून शिवतेय. एकदा, एकदा म्हणता आलं नाही, की अगं, जरा बघ, तुला कसं दिसतंय? मान दुखते म्हणे! मी वेड्यासारखी रोज रात्री मान चोळून देतेय!"

"ती पण दुखत होती," काका म्हणाले.

"गप्प बसा."

मुलीला फोन लावला तो बायकोनेच. मुलीने सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारल्याचा आवाज फोनमधून स्पष्ट आला.

"बाबा, चूक माझी. मी जोडून दिला आणि ते सांगायचं राहिलं. त्या टीव्हीला वाटतंय की तुम्ही सिनेमा बघताय. सिनेमात प्रत्येक ठिपक्याचा रंग वेगळा दाखवायची गरज नसते, म्हणून तो चार ठिपक्यांना मिळून एकच रंग देतो. उजेड-अंधार तेवढा प्रत्येक ठिपक्याचा वेगळा ठेवतो. म्हणून अक्षरं छान दिसतात आणि तुमची एका ठिपक्याची लाल रेघ शेजारच्या काळ्यात कालवली जाते."

"म्हणजे रेघ जाड केली की..."

"की लाल दिसणारच. रिमोट घ्या. जिथून कॉम्प्युटरची वायर येते, त्या जोडणीचं नाव बदलायचंय. तिथे बरीच नावं दिसतील, त्यातलं 'कॉम्प्युटर' निवडा."

"नुसतं नाव बदलून?"

"नुसतं नाव बदलून. नावावरून त्याला कळतं की समोर कोण बसलंय."

काकांनी बटणं दाबली. घाईघाईत दोनदा पुढे गेले, दोनदा मागे आले. शेवटी नाव सापडलं. पडदा क्षणभर काळा झाला. मग शीट परत आलं.

लाल रेघ लाल होती. टाकीपासून निघून, वळणावर वळून, चौकातून आरपार गेलेली, केसाएवढी बारीक आणि रिळावरच्या त्या भडक दोऱ्यासारखी पेटलेली. तिच्या शेजारी निळ्या रेघा काळ्यातून वर आल्या होत्या, एकेक वेगळी, मोजून घ्यावी अशी.

"काय झालं? काय झालं?" दादा विचारत होते. "कुणीतरी बोला की!"

"लाल आहे, दादा," काका म्हणाले. "अगदी लाल आहे."

"हुश्श," दादा म्हणाले आणि बराच वेळ त्यांनी तोच श्वास सोडला.

त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी काकांनी महिन्याभरात जोडलेली सगळी शीटं पुन्हा काढली आणि एकेक जोड तपासला. आणखी दोन ठिकाणी निळी रेघ पुसली गेली होती. तिथे अजून कुणी खणलं नव्हतं. दोन्ही त्यांनी जिथल्या तिथे बसवल्या. मग आधी मुकादमाला फोन करून खरं काय ते सांगितलं.

"असं होय!" मुकादम म्हणाला. "मी घरी बोललो होतो, काका आता थकले. परत घेतो शब्द."

मॅडमनी सगळं ऐकल्यावर विभागात ज्यांनी ज्यांनी घरी टीव्ही जोडला होता त्या सगळ्यांना त्याच दिवशी ते नाव तपासायला सांगितलं. आणखी तिघांचे टीव्ही सिनेमा दाखवत बसलेले निघाले. "आणि तुमच्या अर्जाचं काय करायचं?" त्यांनी विचारलं.

"कसला अर्ज?" काका म्हणाले.

बायकोचं मात्र एवढ्यावर समाधान झालं नाही. टीव्ही दुरुस्त झाला, पण डोळे तपासायचे राहिलेच की, ती म्हणाली, आणि शनिवारी सकाळची वेळ घेऊन मोकळी झाली. दादा हट्टाने बरोबर निघाले. दवाखान्यात बसून त्यांना काय मिळणार होतं, ते काकांच्या ध्यानात आलं नाही.

डॉक्टरबाईंनी काकांच्या डोळ्यांत थेंब घातले, अर्धा तास बसवलं, मग आत नेऊन अंधारात एकेका डोळ्यात दिवा टाकून बघितलं. दादांची खुर्ची त्यांनी आतच, भिंतीशी ठेवू दिली. भिंगांची टकटक तेवढी ऐकू येत होती.

"छान आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "दोन्ही नसा छान गुलाबी आहेत. रंगांच्या पुस्तकातले सगळे आकडे तुम्ही बिनचूक वाचलेत. वाचायचा नंबर थोडा वाढलाय, तो वयाचा. भावाचं असं झालंय म्हणून वर्षातून एकदा दाखवत जा, एवढंच."

"नक्की?" हे दादांनी विचारलं.

"नक्की."

"पुन्हा एकदा बघता का?"

डॉक्टरबाईंनी त्यांच्याकडे बघितलं आणि खरंच दिवा लावून पुन्हा एकदा दोन्ही डोळे बघितले. "नक्की," त्या म्हणाल्या.

बाहेरच्या बाकावर आल्यावर दादा काकांच्या शेजारी बसले. बायको नव्या चष्म्याची चिठ्ठी घेऊन शेजारच्या दुकानात गेली होती.

"बारा वर्षं," दादा म्हणाले, "मी तुझ्या पावलांवर कान ठेवून आहे. उंबऱ्याला ठेच लागते का, खुर्चीला धडकतोस का. एकदा तुझ्या हातून पेला फुटला होता, तर मी दोन रात्री झोपलो नाही. मला वाटायचं, हे आपल्या रक्तातच असेल आणि आज ना उद्या तुझ्याकडे येईल. विचारायची हिंमत नव्हती."

"आणि मला सांगायची हिंमत नव्हती."

"दोघे एका आईचे," दादा म्हणाले. "दुसरं काय."

काका हसले आणि उठून बाहेरच्या दारापर्यंत गेले. दार उघडलं तर उन्हाचा लोट अंगावर आल्यासारखा झाला. थेंबांनी डोळ्यांच्या बाहुल्या सताड उघड्या होत्या. रस्ता, गाड्या, शेजारचं दुकान, सगळं पांढऱ्या उजेडात विरघळून गेलं होतं. त्यांनी डोळे घट्ट मिटले.

"काहीच दिसत नाहीये रे," ते म्हणाले.

"दोन-तीन तास राहतं तसं," दादांनी मागून येऊन काठी उघडली. "इथून पाच पायऱ्या आहेत, मग डावीकडे पंधरा पावलांवर दुकान. येताना मोजलंय. धर माझा दंड."

काकांनी दंड धरला. दादा काठी टेकवत पुढे झाले, सावकाश, एकेक पायरी मोजत, आणि काका मिटल्या डोळ्यांनी त्यांच्या मागोमाग उतरायला लागले.